भूतानची सात रात्रींची सहल: कागदपत्रांपासून टायगर्स नेस्टच्या पायऱ्यांपर्यंत, काय आधी आणि काय नंतर

भूतानला जाऊन आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुतेक सारख्याच असतात. विमानतळाच्या काउंटरवर आधार कार्ड चाललं नाही. पहिल्याच दिवशी टायगर्स नेस्ट हा पारोजवळचा कड्यावरचा मठ चढायला घेतला आणि अर्ध्यावरून परतावं लागलं. थिंफूचा जोंग, म्हणजे मठ आणि कचेऱ्या असलेला किल्ला, दुपारी बघायला गेलो, तर दार बंद. यातली एकही अडचण नशिबाची नाही. प्रत्येक वेळी योग्य गोष्ट चुकीच्या क्रमाने केलेली असते. म्हणून इथे भूतान किती सुंदर आहे हे सांगत बसत नाही. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या, रोज दोन-चार तास चालू शकणाऱ्या कुटुंबाने काय कधी करायचं, तेवढंच बघू.

टप्पा १: आधी महिना, मग रात्री

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे दोन मोसम चालण्यासाठी चांगले. ऑक्टोबरनंतर आकाश स्वच्छ असतं आणि दोचुला खिंडीतून हिमशिखरांची रांग दिसण्याची शक्यता जास्त. एप्रिलमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, पण दुपारनंतर ढग येतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन छान पडतं. रात्री मात्र पारो-थिंफूत पारा शून्याखाली जातो. जून ते सप्टेंबर टाळा. आपल्याला पावसाळी ट्रेकची सवय असते म्हणून हा काळ स्वस्तात उरकायचा मोह होतो, पण तिथे दरडी कोसळून रस्ते बंद होतात आणि पायवाटांवर घोट्यापर्यंत चिखल असतो.

पारोचा त्सेचू उत्सव वसंतात आणि थिंफूचा शरद ऋतूत येतो. तारखा तिथल्या पंचांगानुसार दरवर्षी बदलतात. उत्सव बघायचाच असेल तर तारीख आधी शोधा आणि हॉटेल लगेच ठरवा. बघायचा नसेल तर ते दिवस सोडून द्या, कारण गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढलेले असतात.

रात्री सात धरा: थिंफू दोन, पुनाखा दोन, पारो तीन. सहाच मिळत असतील तर पुनाख्यातली एक कमी करा, पारोतली नको. कारण सातव्या टप्प्यात येईल. मध्य भूतानमधलं लांबचं बुमथांग या खेपेला यादीतून काढा. सात रात्रींत बुमथांग कोंबणारे लोक देश गाडीच्या काचेतूनच बघतात.

टप्पा २: ओळखपत्र, आणि त्यावरचं नाव

भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच कागद चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांपैकी काहीही चालत नाही. घरात पासपोर्ट असेल तर मतदार कार्डाच्या वाटेला जाऊच नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो, आणि सोबत आई-वडील किंवा पालक हवेत. जन्मदाखला जुना आणि फक्त मराठीत असेल तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून इंग्रजी मजकूर असलेला नवा दाखला काढून घ्या. हे काम निघण्याच्या आठवड्यात होत नाही.

आपल्याकडे हमखास अडकतं ते नावात. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मतदार कार्डावर सासरचं, आणि तिकीट काढणाऱ्या भावाने टाकलेलं तिसरंच. कधी वडिलांचं नाव मध्ये असतं, कधी नसतं. सहलीत एकच कागद वापरायचा हे पहिल्या दिवशी ठरवा. परवान्याचा अर्ज, विमानाचं तिकीट आणि हॉटेलची नोंद, तिन्हीकडे त्या कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा.

तपासून घ्या: घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र टेबलावर ठेवा. मुदत, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख. एकातही शंका असेल तर तिकीट काढायचं थांबवा.

टप्पा ३: परवाना आणि एसडीएफचा हिशोब

भूतान प्रत्येक पर्यटकाकडून दर रात्रीचं शाश्वत विकास शुल्क घेतं. सगळे त्याला एसडीएफच म्हणतात. भारतीयांसाठी ते माणशी, रात्री १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वयोगटातल्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. हॉटेल, जेवण, गाडी, वाटाड्या, मंदिरांची तिकिटं यांतलं काहीही त्यात येत नाही. ‘एसडीएफ भरला म्हणजे सगळं आलं’ हा गैरसमज अजूनही घट्ट आहे. जुन्या काळी परदेशी पाहुण्यांना सगळ्यासकट पॅकेज घ्यावं लागे, त्याचा हा अवशेष असावा.

हिशोब असा: दोन मोठे आणि नऊ वर्षांचं एक मूल, सात रात्री. रोजचे १,२०० अधिक १,२०० अधिक ६००, म्हणजे ३,०००. सात रात्रींचे २१,०००. हा आकडा बाजूला काढून मगच हॉटेलचा दर्जा ठरवा.

अर्ज भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर करता येतो, किंवा तिथला नोंदणीकृत टूर ऑपरेटर करून देतो. क्रम महत्त्वाचा आहे:

१. तारखा आणि कुठल्या गावी किती रात्री, हे पक्कं करा.
२. हॉटेलची नोंद घ्या, शक्यतो रद्द करता येण्याजोगी.
३. ओळखपत्राचं स्वच्छ स्कॅन आणि फोटो जोडून अर्ज भरा. मोबाइलवर तिरका काढलेला, चकाकणारा फोटो नको.
४. शुल्क भरा. पावती आणि मंजुरी छापून दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा.

अर्जात पुनाखा लिहायला विसरू नका. थिंफूहून दोचुलाकडे जाताना होंगत्शोला तपासणी नाका आहे, तिथे कागद बघतात.

वाटाड्याबद्दल नेहमी विचारलं जातं: घ्यायचा की नाही? माझं मत, पूर्ण सहलीसाठी घ्या. मुक्कामी ट्रेकला तर परवानाधारक वाटाड्याशिवाय सोडतच नाहीत. जोंगांमध्ये कुठलं दार कधी उघडतं, कुठे टोपी काढायची, कुठल्या दालनात आज पूजा आहे, हे त्याला ठाऊक असतं. ठरवताना एकच विचारून घ्या: तो आपल्याबरोबर टायगर्स नेस्टला वरपर्यंत येणार का, की खाली गाडीपाशी थांबणार?

टप्पा ४: आत कुठून शिरायचं

दोन वाटा आहेत. पहिली विमानाची: कोलकाता, दिल्ली, बागडोगरा किंवा गुवाहाटीहून पारो. ड्रुकएअर आणि भूतान एअरलाइन्स या दोनच कंपन्या तिथे उतरतात, त्यामुळे तिकीट महाग. दुसरी रस्त्याची: बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्टेशनवरून जयगावला, किंवा सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमाराला उतरून जयगावला. जयगावच्या पलीकडे कमानीतून गेलं की फुंटशोलिंग, म्हणजे भूतान.

रस्त्याने जाणार असाल तर पहिली रात्र जयगाव किंवा फुंटशोलिंगला काढा. तिथून थिंफू दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण पाच-सहा तास लागतात. वळणं संपत नाहीत आणि गेदूजवळ धुकं असतं. बागडोगऱ्याला दुपारी उतरून त्याच रात्री थिंफू गाठायचा बेत कुणी सुचवला तर तो माणूस त्या रस्त्याने गेलेला नाही. ज्याला गाडी लागते त्याने उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, पहिल्या घाटानंतर नाही.

आपली किंवा बंगालमधली भाड्याची गाडी आत न्यायच्या फंदात पडू नका. परदेशी गाडीला रोजचं वेगळं शुल्क आहे. सीमेवर भूतानची गाडी घ्या.

ज्यांच्याकडे वेळ कमी आणि पैसे थोडे जास्त, त्यांनी जाताना विमान आणि येताना रस्ता घ्यावा. उलट नको. सहलीच्या सुरुवातीला अंग ताजं राहिलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

सावधान: पारोत विमानं फक्त दिवसाउजेडी, वैमानिकाला दरी डोळ्यांनी दिसत असेल तरच उतरतात. वारा किंवा ढग आले की उशीर होतो. पारोहून कोलकात्याला उतरून तीन तासांत मुंबईचं विमान पकडायचं, असं तिकीट काढू नका.

टप्पा ५: पैसे, फोन, बॅग

न्गुलट्रम हे भूतानचं चलन आणि रुपया एकास एक आहेत आणि आपले रुपये तिथे सर्रास चालतात. शंभरपर्यंतच्या नोटा हव्या तेवढ्या नेता येतात. शंभरावरच्या मिळून २५,००० रुपयांपर्यंतच, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मंदिराचं तिकीट, काठी, चहा, घोडेवाला हे सगळे सुटे पैसे मागतात. यूपीआय काही ठिकाणी चालतं, पण त्यावर विसंबून डोंगर चढू नका. उरलेले न्गुलट्रम परतण्याआधी खर्च करून टाका. जयगाव सोडलं की ते कुणी घेत नाही.

सिम कार्ड बी-मोबाइल किंवा ताशीसेलचं, विमानतळावर किंवा फुंटशोलिंगला घ्या. घड्याळ अर्धा तास पुढे करा. ही अर्ध्या तासाची चूक परतीच्या विमानाला महागात पडते.

बॅगेत पूर्ण बाह्यांचे, कॉलरचे दोन शर्ट आणि घोट्यापर्यंतच्या पँट किंवा सलवार हव्यातच. हे थंडीसाठी नाही, जोंगात शिरण्यासाठी. मोजे चांगले आणि जास्तीचे न्या, कारण दिवसात पाच-सहा वेळा बूट काढून थंडगार लाकडी फरशीवर चालायचं असतं. बूट वापरलेले हवेत, नवे करकरीत नको. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

शाकाहारींची उपासमार होत नाही. लाल भात, केवा दात्शी म्हणजे चीजमधले बटाटे, मशरूमचं शामू दात्शी, डाळ हे मिळतं. एमा दात्शीत मिरची हीच भाजी असते. ती कोल्हापूरकरांनीही आधी चमचाभर चाखावी, आणि चढाच्या आदल्या रात्री तर अजिबात नको.

टप्पा ६: निघण्याआधी सहा आठवडे पाय तयार करा

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. टायगर्स नेस्टची वाट जिथून सुरू होते ती जागाच २,६०० मीटरच्या आसपास, आणि मठ ३,१२० मीटरवर. चढाचे आकडे सिंहगडासारखेच वाटतात, हवा मात्र विरळ. ‘आम्ही दर रविवारी सिंहगड करतो’ म्हणणाऱ्यांचे पाय टिकतात. दम लागतो तो वेग न आवरल्यामुळे.

आठवड्यातून तीन दिवस तासभर भरभर चालणं, आठवड्याला एक डोंगर किंवा वीस-पंचवीस मजल्यांचे जिने. चढण्याइतकाच उतरायचाही सराव हवा, गुडघे तिथेच बोलतात. रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवा. उंचीवरची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा.

टप्पा ७: रोजचा क्रम

पहिला दिवस. पारोला उतरलात की तिथे थांबू नका, तासा-दीड तासात थिंफूला जा. संध्याकाळी मेमोरियल चोर्टेनभोवती (चोर्टेन म्हणजे स्तूप) स्थानिकांबरोबर दोन-तीन फेऱ्या माराव्यात, एवढंच. पाणी भरपूर प्या, दारू नको, लवकर झोपा.

दुसरा दिवस. सकाळी थिंफूच्या उत्तरेला, रस्ता संपतो तिथून चेरी किंवा तांगो मठाची चाल. दोन्ही वर जायला तासाभराच्या आहेत. एकच निवडा. चेरीच्या वाटेला नदीवरचा झाकलेला पूल लागतो, पुढे सरळ चढ. ही तुमची चाचणी आहे: इथे बोलत बोलत चढता येत नसेल तर टायगर्स नेस्टला वेळ वाढवून धरा. दुपारी विश्रांती. संध्याकाळी ताशिछो जोंग. तिथे सरकारी कचेऱ्या आहेत, म्हणून कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेरी सुटल्यावरच सोडतात: उन्हाळ्यात पाचनंतर, हिवाळ्यात चारनंतर. शनिवार-रविवारी दिवसाही जाता येतं.

तिसरा दिवस. सकाळी लवकर निघून दोचुला खिंड, उंची ३,१०० मीटरच्या आसपास. आठ-नऊनंतर ढग वर येतात, म्हणून हॉटेलचा नाश्ता बांधून घ्या. १०८ चोर्टेनना डावीकडून सुरुवात करून, ते आपल्या उजव्या हाताला राहतील अशी फेरी मारा. मग पुनाख्याकडे उतरताना भातखाचरांमधून चिमी ल्हाखांगची (ल्हाखांग म्हणजे मंदिर) अर्ध्या तासाची चाल. गावातल्या भिंतींवर लिंगाची मोठी चित्रं असतात. मुलं विचारतील, उत्तर तयार ठेवा. तिथे ती शुभ मानतात आणि कुणी खिदळत नाही.

चौथा दिवस. पुनाखा १,२०० मीटरवर आहे, इथे गरम होतं. म्हणून चाल आधी, जोंग नंतर: सकाळी झुलता पूल ओलांडून शेतांतून खामसुम युले नामग्याल चोर्टेन, चढ पाऊण-एक तासाचा. उतरून फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा जोंग. हाच क्रम उलटा केला की भर उन्हात सावली नसलेला चढ नशिबी येतो.

पाचवा दिवस. पारोला परत, रस्त्यात चार-साडेचार तास. दुपारी रिनपुंग जोंग आणि किचू ल्हाखांग. बाजार आजच उरकून टाका, उद्या पाय साथ देणार नाहीत.

सहावा दिवस. टायगर्स नेस्ट.

सातवा दिवस. राखीव. सहाव्याला पाऊस किंवा कुणाचं पोट बिघडलं, तर आज चढा. सगळं सुरळीत झालं असेल तर चेलेला खिंडीपर्यंत गाडीने जाऊन या.

चुकतं कुठे: पारोत उतरलो आहोतच, तर लगेच दुसऱ्या दिवशी टायगर्स नेस्ट उरकू, असा विचार. आपण समुद्रसपाटीवरून आलेले असतो. चार रात्री अंगाला द्या, मग बघा किती फरक पडतो.

टप्पा ८: जोंगात आणि ल्हाखांगात

टोपी, मफलर, गॉगल, छत्री दाराबाहेर. शर्ट खोचलेला, बाह्या खाली. अंगणात फोटो काढता येतात, गाभाऱ्यात नाहीत, आणि ‘फ्लॅश बंद आहे’ हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्रातल्या विहारात बुद्धमूर्तीसमोर फोटो काढायची सवय असणाऱ्यांचा हात इथे आपोआप खिशाकडे जातो. तो आवरा. उंबऱ्यावर पाय न देता ओलांडून जा. मूर्तीकडे किंवा भिक्षूंकडे एक बोट रोखू नका, पूर्ण तळहाताने दाखवा. प्रार्थनाचक्रं फिरवायची ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

भिक्षू हातावर केशराचं पाणी घालतील. आपण तीर्थ घेतो तसंच घ्यायचं: थोडं ओठांना, उरलेलं डोक्याला. दक्षिणा ठेवायला दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

टप्पा ९: टायगर्स नेस्ट

इथे सावकाश वाचा, कारण सहलीतला सगळ्यात दमवणारा दिवस हाच. स्थानिक या मठाला ताक्त्सांग म्हणतात.

१. आदल्या रात्री. हलकं जेवण. सॅकमध्ये माणशी दीड लिटर पाणी, सुकामेवा किंवा चिक्की, पातळ पावसाळी जाकीट, गरम थर, ओळखपत्राची झेरॉक्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट. अर्ध्या चड्डीत चढून वर पँट बदलू, असा बेत नको. वर आडोसा नाही.

२. पायथ्याशी सकाळी साडेसात-आठ. तिकीट इथेच काढायचं. वर मठाच्या दाराशी तिकीट मिळत नाही, आणि हे वर गेल्यावर कळणारे लोक दर मोसमात भेटतात. शुल्क माणशी २,००० न्गुलट्रमच्या घरात आहे. काठी भाड्याने घ्या, चढताना नको वाटली तरी उतरताना आठवण काढाल.

३. घोडा घ्यायचा तर आत्ताच ठरवा. तो मधल्या उपाहारगृहाच्या आसपासपर्यंतच जातो, पुढे पायीच. उतरताना घोडा नसतो. म्हणजे घोड्याने चढाचा अर्धा भाग वाचतो, गुडघ्यांचा त्रास वाचत नाही. गुडघेदुखी असणाऱ्या आजीआजोबांसाठी खरा पर्याय वेगळा आहे: उपाहारगृहापर्यंत सावकाश यावं, समोर कड्यावरचा मठ बघावा, चहा घ्यावा आणि तिथूनच परत फिरावं. त्यात कमीपणा काही नाही.

४. पहिला टप्पा, पायथा ते उपाहारगृह: तासाभरापासून दीड तास. वाट पाइनच्या जंगलातून, धुळीची. घोडे आले की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. धाप लागली तर थांबा, बसू नका. अर्धा मिनिट उभं राहून पुन्हा निघा. उपाहारगृहात दहा मिनिटांवर रेंगाळू नका, जेवण परतताना.

५. दुसरा टप्पा, मठाच्या समोरच्या दर्शनजागेपर्यंत: पाऊण-एक तास. ज्या फोटोसाठी सगळे येतात तो इथूनच मिळतो. फोटो आत्ताच काढून घ्या, पुढे फोन जमा होणार आहे.

तपासून घ्या: डोकं ठणकतंय का? मळमळ? चालताना तोल जातोय? थोडी धाप ठीक. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर पुढे जायचं नाही, खाली उतरायचं. इथून मठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि नेमका त्यामुळेच लोक हट्ट करतात.

६. तिसरा टप्पा, पायऱ्या. दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे सात-आठशे. आधी दरीत उतरायचं, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा, मग मठाकडे पुन्हा चढायचं. परत येताना हाच उतार चढ होतो, हे लक्षात ठेवून जोर राखून ठेवा. पुलाजवळ पायऱ्या ओल्या असतात, हिवाळ्यात बर्फ धरतात. कठड्याच्या बाजूने चाला.

७. दाराशी. फोन, कॅमेरा, बॅग सगळं लॉकरमध्ये. अंगात गरम कपडा घाला. घाम आलेला असतो आणि आतल्या दगडी खोल्या गार असतात. दुपारी साधारण एक ते दोन मठ बंद असतो, म्हणून अकराच्या सुमारास पोहोचायचं गणित बसवा. सकाळी दहाला पायथ्यावरून निघणारे नेमके या सुटीत अडकतात आणि तासभर थंडीत कुडकुडतात.

८. उतार. दीड-दोन तास. लहान पावलं, काठी पुढे, बुटाच्या नाड्या वरच्या बाजूला घट्ट. पाइनच्या सुकलेल्या सुयांवर पाय घसरतो. बहुतेक जण पडतात ते उतरताना, शेवटच्या अर्ध्या तासात, गप्पा मारत.

जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा, मुलं असतील तर सात. अडचण आली तर रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११३.

टप्पा १०: परत

विमानाने निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी वेळ पुन्हा तपासा. हवामानामुळे ती पुढे-मागे सरकते. कोलकात्यात रात्रीचा मुक्काम धरला तर निश्चिंत. रस्त्याने निघणार असाल तर पारोहून सकाळी सातला बाहेर पडा, फुंटशोलिंगला इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याची नोंद करून घ्या आणि मगच कमान ओलांडा. ही नोंद राहिली तर पुढच्या परवान्याला अडचण येते. घड्याळ अर्धा तास मागे घ्या, आणि हासीमाऱ्याची गाडी पकडायची असेल तर जयगावच्या बाजारातल्या कोंडीसाठी एक तास वेगळा ठेवा.